खानदेशातल्या उन्हात स्मार्टवॉचची बॅटरी कशी टिकवायची

स्मार्टवॉच घेऊन महिना झाला की आपल्याकडे पहिली तक्रार ठरलेली असते: "खोकावर सात दिन लिखेल शे, आनि घडी दोन दिन बी चालत नही, भो." तक्रार खरी असते आणि खोक्यावरचा आकडाही अगदीच हवेतला नसतो. कंपनी तो आकडा काढते तेव्हा ब्राइटनेस बेताचा असतो, घड्याळावरून फोनकॉल जवळपास नसतात, ऑक्सिजन मोजणं बंद असतं आणि दिवसभरात मोजक्याच सूचना येतात. आपण मात्र खोकं उघडल्या उघडल्या यादीत जे जे दिसेल ते चालू करतो, कारण पैसे दिलेत तर वापरायला नको का?

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. आज रात्रीपर्यंत चार्ज पुरणं ही एक गोष्ट. दोन वर्षांनंतरही तीच बॅटरी तितकीच चालणं ही दुसरी. पहिली सेटिंगमध्ये सुटते, आणि तिथे काही चुकलं तरी दुसऱ्या दिवशी घड्याळ चार्जिंगला लावलं की भरपाई होते. दुसरी मुख्यतः उष्णतेशी बांधलेली आहे, आणि तिथे गेलेली ताकद परत येत नाही. मोबाइलवर मिळणारे बहुतेक सल्ले पहिल्या गोष्टीचे असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, तेव्हा आपल्याला दुसरीकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं. म्हणून खाली उन्हाच्या पायरीला जरा जास्त जागा दिली आहे.

पायरी १: आपलं घड्याळ कोणत्या जातीचं, ते ओळखा

बाजारात स्मार्टवॉच या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे दीड-दोन हजारांपासून पाच-सात हजारांपर्यंतची नॉइज, बोट, फायर-बोल्ट, अमेझफिट वगैरेंची घड्याळं. यांच्या आतली प्रणाली हलकी असते, अ‍ॅप टाकायची सोय नसते किंवा फार थोडी असते, त्यामुळे ती आठवडाभरही चालू शकतात. दुसरी म्हणजे अ‍ॅपल वॉच आणि वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणारी घड्याळं. सॅमसंगची गॅलक्सी वॉच ४ पासूनची मॉडेलं यात येतात. हे मनगटावरचे छोटे संगणकच आहेत. अ‍ॅपलने २०१५ च्या पहिल्या घड्याळापासून सिरीज १० पर्यंत नेहमीच्या मॉडेलांना १८ तासांचाच आकडा दिला. तेव्हा अ‍ॅपल वॉच रोज चार्ज करावं लागत असेल तर ते बिघडलेलं नाही, ते तसंच आहे. मित्राचं दोन हजाराचं घड्याळ सहा दिवस चालतं म्हणून स्वतःच्या तीस हजारांच्या घड्याळाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आकाराचाही अंदाज असू द्या. आजच्या साध्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचच्या (साठ्याचं माप) घरात असते. गॅलक्सी वॉच ४ च्या ४० मिलिमीटरच्या मॉडेलची २४७ एमएएच आहे, म्हणजे फोनच्या विसाव्या हिश्श्याइतकी. एवढ्याशा साठ्यातून छोटीशी गळतीही लगेच जाणवते.

मग पडदा कोणता आहे ते बघा, कारण पुढचे निम्मे सल्ले त्यावर ठरतात. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि घड्याळावर काळ्या पार्श्वभूमीचा डायल लावा. काळा भाग अंधारात पूर्ण विरघळून गेला तर पडदा अ‍ॅमोलेड आहे. काळ्या जागेतूनही राखाडी उजेड झिरपत असेल तर तो टीएफटी किंवा आयपीएस, म्हणजे मागून दिवा असलेला एलसीडी. अ‍ॅमोलेडमध्ये काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तिथे वीज लागत नाही. एलसीडीत मागचा दिवा सगळ्या पडद्याला सारखाच लागतो, त्यामुळे काळा डायल लावून तिथे काही वाचत नाही. 'काळा डायल लावा' हा सल्ला डोळे झाकून सगळ्यांना दिला जातो, म्हणून हे सांगितलं.

पायरी २: काही बदलण्याआधी दोन दिवस नुसतं बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग नेमकं कशाने फरक पडला ते त्यांना कळत नाही. घड्याळ पूर्ण चार्ज करा. आहे त्या सेटिंगवर दोन दिवस वापरा. रात्री झोपताना किती टक्के होते आणि सकाळी उठल्यावर किती राहिले, एवढंच लिहून ठेवा.

रात्रीचा आकडा फार बोलका असतो. झोपेत तुम्ही पडदा बघत नाही, कॉल घेत नाही, म्हणजे जी बॅटरी जाते ती घड्याळ आपल्या मनाने जे करतं त्यात जाते. सात दिवसांच्या घड्याळाला दिवसाला साधारण १४ टक्के लागायला हवेत, म्हणजे रात्रीचे चार-पाच टक्के ठीक. तेवढ्यात १२-१५ टक्के जात असतील तर दोष पडद्यापेक्षा सेन्सरमध्ये किंवा फोनशी असलेल्या जोडणीत शोधा. वेअर ओएसच्या घड्याळात मात्र रात्रीत दहा टक्के गेले तरी घाबरू नका. रात्री बॅटरी ठीक राहते आणि दिवसा धडाधड उतरते, असं असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

अ‍ॅपल आणि वेअर ओएसमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये खर्चाचा आलेखही दिसतो. साध्या घड्याळांत तो सहसा नसतो, तिथे वही-पेनच बरं.

पायरी ३: पडदा

सर्वात मोठा खर्च बहुतेक वेळा इथेच असतो. एकेक करून बघा.

ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद करा. हात न हलवता वेळ दिसते ही सोय छान आहे, पण अनेक घड्याळांत एवढ्या एका गोष्टीने दिवस निम्म्यावर येतात. ती हवीच असेल तर वेळ ठरवून देण्याची सोय आहे का बघा, आणि फक्त कामाच्या तासांपुरती ठेवा. भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्यांनी ती वेळ उलटी लावायची हे विसरू नये. घड्याळात आधीपासून भरलेली 'रात्री दहा ते सकाळी सात बंद' ही वेळ त्यांच्या काहीच कामाची नसते.

मनगट उचललं की पडदा लागतो ती सोय म्हणजे रेझ टू वेक. दुचाकीवर हँडल धरलेलं असतं, रस्त्यात खड्डा आला की मनगट हलतं, घड्याळाला वाटतं मालक वेळ बघतोय, आणि पडदा लागतो. तालुक्याच्या गावाहून आपल्या गावापर्यंतचा रस्ता आठवा आणि पडदा किती वेळा लागत असेल याचा हिशेब करा. शेतात खुरपणी, निंदणी, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, किराणा दुकानात वजन करणं, सगळीकडे हेच. दिवसभर हात चालणारं काम असेल तर ही सोय बंद करा आणि वेळ बघायला बटण दाबा. बैठं काम असेल तर चालू ठेवली तरी चालेल, फक्त संवेदनशीलता कमी करता येत असेल तर करा.

स्क्रीन टाइमआउट, म्हणजे पडदा आपोआप विझेपर्यंतचा वेळ, पाच सेकंदांवर आणा. वेळ बघायला दोन सेकंद पुरतात.

ब्राइटनेसचा प्रश्न आपल्याकडे जरा अवघड आहे. ऑटो ब्राइटनेस असलेलं घड्याळ उन्हात गेलं की पडदा पूर्ण जोरात लावतं, आणि इथे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ऊनच ऊन. ऑटो नसेल तर लोक दुपारच्या उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवतात आणि तो रात्रीही तसाच राहतो. माझ्या मते ब्राइटनेस मधल्या पातळीवर ठेवून उन्हात दुसऱ्या हाताचा आडोसा करून बघणं परवडतं. नव्याने घेणार असाल आणि दिवसभर बाहेरचं काम असेल तर बाहेरच्या उजेडातच वाचता येणारे पडदे असलेली घड्याळंही मिळतात. गार्मिनच्या काही मॉडेलांत ते आहेत. त्यांचे रंग फिके दिसतात, पण ऊन जितकं जास्त तितके ते स्पष्ट होतात आणि बॅटरी फार कमी खातात.

डायल साधा ठेवा. हलणारी चित्रं, सतत फिरणारा सेकंद काटा, हवामान-पावलं-नाडी सगळं एकाच पडद्यावर दाखवणारा डायल, हे सगळं थोडं थोडं खातं. नातवाचा फोटो डायलवर लावायचा असेल तर खुशाल लावा, अ‍ॅमोलेड असेल तर गडद पार्श्वभूमीचा निवडा म्हणजे झालं.

पायरी ४: सूचनांची गर्दी आवरा

प्रत्येक सूचनेला पडदा लागतो, थरथरणारी मोटर फिरते आणि ब्लूटूथवरून मजकूर येतो. एका सूचनेचा खर्च नगण्य आहे. पण भाऊबंदांचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, केळीच्या भावाचा ग्रुप आणि लग्नसराईत नव्याने जन्मणारे 'चि. सौ. कां.' वाले ग्रुप मिळून दिवसाला किती होतात ते बघा.

फोनवरच्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये सूचनांची यादी असते. तिथे आधी सगळं बंद करा, मग गरजेचं एकेक चालू करा: फोनकॉल, बँकेचे मेसेज, आणि कामाचं एखादं अ‍ॅप. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे एकेक बंद करत गेलं, तर निम्मी अ‍ॅप राहूनच जातात. व्हॉट्सअ‍ॅप ठेवायचंच असेल तर गोंगाट करणारे ग्रुप फोनमध्ये अर्काइव्ह करा. अर्काइव्ह केलेल्या ग्रुपची सूचना तुमचं नाव घेऊन कुणी बोलावल्याशिवाय किंवा तुमच्या मेसेजला उत्तर आल्याशिवाय येत नाही.

पायरी ५: सेन्सर

घड्याळाच्या पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो तो नाडी मोजतो. लाल दिवा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश रक्तातला ऑक्सिजन मोजतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ऑक्सिजनचा आकडा बघायची सवय लागली आणि कंपन्यांनी तो बहुतेक घड्याळांत दिला. दिवसभर आपोआप ऑक्सिजन मोजणं बंद करा. हवा तेव्हा हाताने मोजता येतोच. ताणतणाव मोजण्याचा पर्यायही बिनदिक्कत बंद करा.

नाडी दर मिनिटाला मोजायची की दर दहा मिनिटांनी, हे बहुतेक घड्याळांत निवडता येतं. दहा मिनिटं साध्या वापराला पुरतात. व्यायाम सुरू केला की घड्याळ आपोआप सतत मोजायला लागतं. मात्र घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल आणि नाडी फार वाढली-घटली तर इशारा मिळावा म्हणूनच घड्याळ घेतलं असेल, तर तिथे बॅटरी वाचवू नका. तसंही हे घड्याळ डॉक्टरांच्या यंत्राच्या जागी धरायचं नसतं.

पट्टा सैल असला की सेन्सरला त्वचा नीट मिळत नाही आणि वाचन पुन्हा पुन्हा करावं लागतं. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हिरवा दिवा तरीही चालूच राहत असेल, तर त्याची पाठ टेबलाला टेकेल असं ठेवू नका, कुशीवर ठेवा.

पायरी ६: कॉल, जीपीएस, नेटवर्क

ब्लूटूथ कॉलिंगच्या स्वस्त घड्याळांत एक गंमत असते. फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात: एक जोडणी पावलं आणि सूचनांसाठी, ती फार कमी वीज खाते; दुसरी आवाजासाठी, ती जास्त खाते. दिवसभर घड्याळावरून बोलायचं नसेल तर आवाजाची जोडणी बंद ठेवा. पहिली चालू राहिली की कुणाचा फोन आहे ते मनगटावर दिसतंच. याचा दुसरा फायदा म्हणजे फोनवर लावलेलं गाणं अचानक घड्याळाच्या चिमुकल्या स्पीकरमधून वाजणं थांबतं.

जीपीएसचंही तसंच. घड्याळात स्वतःचं जीपीएस असेल आणि ते चालू असेल तर बॅटरी तासातासाला उतरते. जळगावात मेहरूण तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारताना फोन खिशात असतोच, तेव्हा अ‍ॅपमध्ये फोनचं जीपीएस वापरण्याचा पर्याय निवडा. धुळ्याहून लळिंग किल्ल्यावर चढताना फोन बॅगेत असेल तरी हेच करा. स्वतःचं जीपीएस फोन घरी ठेवून पळणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

सिम किंवा ई-सिमचं घड्याळ असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: नेटवर्क जितकं अशक्त, तितका त्याचा शोध महाग. तोरणमाळला किंवा सातपुड्यातल्या पाड्यांवर जाताना रेंज येते-जाते, आणि घड्याळ टॉवर शोधण्यातच दमतं. तिथे मोबाइल नेटवर्क बंद करा. फोन सोबत असेल तर वाय-फायचीही गरज नसते.

पायरी ७: फोनवरचं अ‍ॅप

इथे सल्ला जरा उलटा वाटेल. फोन आपली बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळाचं अ‍ॅप मागून बंद करतो. मग जोडणी तुटते, घड्याळ फोन शोधत राहतं, जोडणी पुन्हा होते, साठलेली माहिती पुन्हा पाठवली जाते. हे दिवसभर चालू राहिलं की दोघांचीही बॅटरी जाते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढून 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. अपडेट आलं तर घ्या, पण अपडेटनंतरचा एखादा दिवस बॅटरी जास्त जाऊ शकते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पायरी ८: ऊन

घड्याळात लिथियम-आयन बॅटरी असते. ती चालते ती आतल्या रासायनिक क्रियेवर, आणि तापमान वाढलं की नको असलेल्या क्रियाही जोर धरतात. आतल्या इलेक्ट्रोडवर थर जाड होत जातो, त्यात कामाचं लिथियम अडकतं, आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती तापली तर हे आणखी वेगाने होतं. म्हणजे १०० टक्के चार्ज आणि भर दुपारचं ऊन ही सर्वात वाईट जोडी.

अ‍ॅपल आपलं घड्याळ ० ते ३५ अंशांत वापरा म्हणतं, आणि न वापरता ठेवायचं असेल तरी हवा ४५ अंशांपेक्षा गरम नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची दुपार यातली पहिली मर्यादा रोजच ओलांडते. मग घड्याळ घालायचंच नाही का? घालायचं. मनगटावर असताना शरीर त्याला फार तापू देत नाही, घामही मदत करतो. खरा घात होतो काढून ठेवल्यावर. बंद चारचाकीच्या डॅशबोर्डवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, दुचाकीच्या पेट्रोल टाकीवरच्या पिशवीत, शेताच्या बांधावर शर्टाच्या घडीत, पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीशी. बंद गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तिथे दोन तास राहिलेलं घड्याळ त्या दिवशी नीटच चालेल, म्हणून माणसाला काही कळत नाही. सहा महिन्यांनी दिवस कमी पडायला लागले की मग कंपनीला शिव्या बसतात.

तेव्हा नियम साधे ठेवा. बाहेर पडताना घड्याळ बाहीखाली असू द्या; दुपारी लांब बाहीचा शर्ट आणि गळ्यात रुमाल आपल्याकडे तसाही लागतोच. केळीच्या बागेत काम असेल तर सावली आयती मिळते, पण घड काढताना केळीचा चीक पट्ट्याला आणि चार्जिंगच्या टोकांना लागू देऊ नका. तो वाळला की डाग जात नाही आणि टोकांवर चिकट थर बसतो. कपाशीवर फवारणी करताना घड्याळ काढून घरीच ठेवा. नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम करणाऱ्यांनीही तेच करावं, स्पीकरच्या भोकात गेलेली मिरचीची भुकटी काढणं म्हणजे दिवसभराचा उद्योग.

घड्याळ फार तापल्याचा इशारा पडद्यावर आला, किंवा पाठीला चटका जाणवला, तर ते काढा, सावलीत ठेवा, जमलं तर बंद करा. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंड पाण्यात बुडवू नका. तापलेल्या वस्तूवर अचानक गारवा आला की आत दव धरतं. कूलरच्या झोतासमोर टेबलावर ठेवलं तर हरकत नाही, कूलरच्या टपावर नको. आणि चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गेलात तर गरम पाण्याच्या झऱ्यात हात घालण्याआधी घड्याळ काढा. 'वॉटरप्रूफ' हा दावा गार पाण्याचा असतो, गरम पाण्याने आणि वाफेने आतली रबरी सील ढिली पडते. हिवाळ्यातल्या बंबाच्या पाण्यालाही हेच लागू.

पायरी ९: चार्जिंग

उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. दुपारी बाहेरून आल्या आल्या गरम घड्याळ चार्जरला लावू नका, अर्धा तास थांबा. चार्ज होताना बॅटरी स्वतःही तापते, त्यात बाहेरची भर नको. गादीवर, उशीखाली किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको. फरशी किंवा लाकडी फळी चांगली.

बॅटरी शून्यावर जाऊ देऊ नका आणि दिवसरात्र १०० वर टांगूनही ठेवू नका. साधारण २० ते ८० च्या मध्ये राहिली तर तिला बरं असतं. पण यासाठी अलार्म लावून बसण्याइतकं काही त्यात नाही. सकाळी अंघोळ आणि चहा-पोह्यांपर्यंतचा वेळ बहुतेक घड्याळांना पुरतो. अ‍ॅपल वॉचची बॅटरी १,००० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहावी अशी बनवलेली आहे असं कंपनी सांगते. ५० टक्के दोनदा भरलं तर ते एक चक्र मोजलं जातं, त्यामुळे थोडं थोडं चार्ज केल्याने काही बिघडत नाही.

स्वस्त घड्याळाला चार्जर म्हणून जुन्या फोनचा ५ व्होल्ट, १ अँपियरचा अडॅप्टर उत्तम. लोहचुंबकी केबलला मात्र जपा. भिंतीत चालू असलेल्या केबलचं टोक सेफ्टी पिनला किंवा लोखंडी किसाला चिकटलं की दोन टोकांमध्ये शॉर्ट होतो. वेल्डिंगचं दुकान, गॅरेज, शिलाई मशिनचं टेबल, इथे काम झालं की केबल काढून ठेवा. घामाचं मीठ घड्याळाच्या पाठीच्या पितळी टोकांवर बसून हिरवट थर धरतो, मग 'चार्जच होत नाही' अशी तक्रार येते. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने पुसा. अंघोळीनंतर ओलं असताना चार्जरला लावू नका.

वीज गेली आणि पॉवर बँक लावली, तर काही पॉवर बँका दोन मिनिटांत आपोआप बंद होतात. घड्याळ इतका कमी प्रवाह घेतं की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. अनेक पॉवर बँकांत कमी प्रवाहाचा वेगळा मोड असतो, बहुधा बटण दोनदा किंवा जरा वेळ दाबून लागतो. नसेल तर सोबत फोनही लावा, म्हणजे ती जागी राहते.

पायरी १०: लांबच्या दिवसाची तयारी

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार बघत दिवस घालवायचा आहे, किंवा घरचं लग्न आहे आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत चार्जर सापडणार नाही. अशा दिवशी बॅटरी सेव्हर सकाळीच लावा. दहा टक्के उरल्यावर लावलेल्या सेव्हरला वाचवायला काही राहिलेलं नसतं. अ‍ॅपल वॉचमध्ये वॉचओएस ९ पासून, म्हणजे २०२२ पासून, लो पॉवर मोड आहे. सिरीज १० पर्यंतच्या नेहमीच्या मॉडेलांना तो १८ च्या जागी ३६ तासांपर्यंत नेतो. त्यात ऑलवेज-ऑन, मागून चालणारी नाडी-ऑक्सिजनची मोजणी आणि हृदयाच्या सूचना बंद होतात, तेव्हा त्या सूचनांवर अवलंबून असलेल्यांनी तो विचार करून लावावा.

पायरी ११: बॅटरी खरंच म्हातारी झाली का

अ‍ॅपल वॉचच्या बॅटरी सेटिंगमध्ये क्षमता टक्क्यांत दिसते. बाकीच्यांनी पायरी २ ची नोंद काढावी आणि त्याच सेटिंगवर पुन्हा दोन दिवस मोजावं. आधीच्या दोन-तृतीयांशही येत नसेल तर बॅटरी उतरली आहे. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, बिल जपून ठेवा. त्यानंतर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तालुक्याच्या मोबाइल दुकानात कुणी बॅटरी बदलून देईलही, पण दोन प्रश्न आधी विचारा: बॅटरी त्याच मापाची आहे का, आणि उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण राहील का? दुसऱ्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. दीड हजाराच्या घड्याळात सातशेची बॅटरी घालण्यापेक्षा नवं घेणं बरं, असं मी तरी सांगेन.

काही महिने वापरायचं नसेल तर घड्याळ निम्म्या चार्जवर बंद करून घरातल्या थंड कोपऱ्यातल्या कपाटात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा निम्म्यापर्यंत भरा.

पडदा एका बाजूने उचलला गेला, काच आणि कडेच्या मधे फट दिसली, किंवा पाठ फुगली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा ते मनगटावर घालू नका, चार्जरला लावू नका, दाबून बसवू नका, घरी उघडू नका. धातूपासून आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, कचऱ्याच्या ढिगात चेंगरलेली लिथियम बॅटरी पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराने कुरकुर केली तर हे त्याला सांगा.